करार नसलेला प्रायोगिक रॉक बँड विदर्भातल्या खेड्यात राहून नेमकं काय वाजवतो?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. कुठल्याही कंपनीशी करार नसलेला प्रायोगिक रॉक बँड खेड्यात राहून काय वाजवतो, आणि त्याला पुढे कुठे पोचायचं असतं?

मी अशाच एका बँडमध्ये गिटार वाजवतो. आम्ही चौघं आहोत. तिघं वरोरा तालुक्यातल्या कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यातले आणि एक ब्रह्मपुरीकडचा, धानाच्या मुलखातला. तो दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन आणि ऑक्टोपॅड वाजवतो, त्यामुळे हंगामात आमच्या हाती फार लागत नाही. ड्रमवर बसतो तो भजनी मंडळात खंजेरी वाजवत मोठा झाला. बास वाजवते ती माझी मावसबहीण, शाळेत गणित शिकवते. बँडचं नाव इथे लिहीत नाही, कारण तुम्ही संगीताबद्दल विचारलंय.

आमचं संगीत कुठून येतं हे सांगायचं तर लाइनपासून सुरुवात करावी लागेल. आमच्याकडे विजेला लाइनच म्हणतात. गिटारचं साधं पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारी कॉइल, वायरिंगमधली ५० हर्ट्झची घरघर ओढून घेतं. जगभरचे गिटारवाले ती घालवायला धडपडतात, दोन उलट्या कॉइलचं हमबकर पिकअप त्यासाठीच निघालं. आम्ही ती घरघर ठेवून घेतली. वेशीवरची डीपी, म्हणजे गावाला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, १०० हर्ट्झवर गुणगुणते, कारण विजेच्या प्रत्येक फेऱ्यात ट्रान्सफॉर्मरचा गाभा दोनदा ताणला जातो. हा सूर हार्मोनियमच्या पांढरी पाचपेक्षा किंचित वर आणि काळी चारच्या खाली बसतो. म्हणजे तो कुठल्याच पट्टीत नाही, पण हलतही नाही. ग्रिडची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या आत ठेवायचा नियमच आहे. इतका स्थिर षड्ज गावाला फुकट मिळालेला आहे, म्हणून आम्ही ट्यूनर नेहमीच्या ४४० हर्ट्झऐवजी ४४९ वर ठेवतो आणि गिटारची तिसरी तार डीपीला जुळवून घेतो.

खरी मजा हार्मोनियम आणली की सुरू होते. तिचे सूर पिळून बदलता येत नाहीत. ती ४४० ला लावलेली असेल, तर खर्जातली पांढरी पाच ९८ हर्ट्झला वाजते आणि डीपी १०० ला. दोन्ही एकत्र ऐकले की आवाज लहान-मोठा होत सेकंदाला दोन हेलकावे येतात. मिनिटाला १२०. आमचा ड्रमवाला कानात मेट्रोनोम घालत नाही, तो त्या हेलकाव्यांवर वाजवतो. पेटी एक सप्तक वर नेली की ती १९६ ला वाजते, डीपीच्या गुणगुणीतला वरचा सूर २०० ला असतो, म्हणून फरक चार हर्ट्झचा होतो, हेलकावे दुप्पट होतात आणि लयही दुप्पट होते. लय कधी वाढवायची ते पेटीवाला एका पट्टीवर बोट ठेवून ठरवतो. हे गणित मावसबहिणीने फळ्यावर मांडून दाखवलं तेव्हापासून आमच्या जवळजवळ प्रत्येक रचनेत ते आहे. लाइन गेली की षड्जच जातो. मग गिटारचा आवाज बदलणारं पेडल फवारणी पंपाच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवायची, मध्ये ९ व्होल्टचा कन्व्हर्टर लावून. त्या वेळी गिटार एकदम स्वच्छ वाजते. ते अंधारातले भागही आम्ही रचनेतच धरतो.

दुसरी जागा कापसाच्या खोलीची. भाव वाढेल या आशेवर आमच्याकडे घरातली एक खोली आढ्यापर्यंत कापसाने भरून ठेवतात. तिथे टाळी वाजवली तर ती हातातच मरते, प्रतिध्वनी नावाला नसतो. गळ्यातली खरखर, खंजेरीच्या झांजेचा एकेक कण माईकला स्वतंत्र ऐकू येतो. त्या खोलीत अंगाला खाज सुटते ती वेगळी. ॲम्प आत नेत नाही, कापसाला एक ठिणगी पुरते. तो ओसरीवर असतो, आत फक्त आवाज, खंजेरी आणि माईक. कापूस विकत गेला की तीच खोली हळूहळू घुमायला लागते. आमच्या पहिल्या अल्बमचा बेत यातूनच ठरला आहे. एकच रचना तीनदा रेकॉर्ड करायची: दिवाळीनंतर खोली भरलेली असताना, संक्रांतीच्या पुढे अर्धी झाल्यावर आणि शेवटी रिकामी झाल्यावर. घरातला कापूस कोणत्या भावाने गेला, हे त्या खोलीच्या आवाजात मला ऐकू येतं. ऐकणाऱ्यालाही ते यावं असं मला मनापासून वाटतं.

गाण्याचे शब्द पोळ्याच्या झडत्यांच्या ठेक्यात असतात. तोरणाखाली बैल उभे असताना ओरडून म्हणायची ही पद्धत रॉकला जशीच्या तशी चालते, चाल लावावीच लागत नाही. आमची एक अशी:

खोलीभर कापूस, रातभर लाइन,
बाप वावरात, मी कोनाले पाहीन?

शेतीपंपाची लाइन पाळीपाळीने रात्रीची येते आणि माणसं वाघ-डुकरांच्या भागात ओलीत करायला निघतात. आमच्या आवाजात राग आहे तो या रात्रींचा.

याच रात्रींमध्ये पीक राखणाऱ्यांचे, जागलीचे डबे वाजतात. एका वावरात डबा वाजला की लांबून दुसरा उत्तर देतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे तेवढ्या अंतरावरचा डबा बरोबर एका सेकंदाने उशिरा पोचतो. स्टुडिओत जे यंत्राने करतात ते इथे धुऱ्याधुऱ्यावर आपोआप होतं. तीन वावरांत तीन वादक आणि मध्ये बांधावर श्रोते, अशी एक रचना आम्ही बसवतो आहोत. प्रत्येक श्रोत्याला ती वेगळी ऐकू येईल, कारण प्रत्येकाचं अंतर वेगळं.

असल्या प्रयोगाला शहरच लागतं असं अनेकजण धरून चालतात. मला ते पटत नाही. १९७१ मध्ये फाउस्ट हा जर्मन बँड व्युमे नावाच्या गावातल्या जुन्या शाळेत जाऊन राहिला आणि तिथेच त्यांनी स्टुडिओ थाटला. त्याच सुमारास कोलोनच्या कॅन (Can) या बँडने वायलर्सविस्ट या छोट्या गावातलं जुनं सिनेमागृह घेतलं आणि आवाज मारायला भिंतींना लष्कराच्या जुन्या गाद्या लावल्या. त्यांनी गाद्या जमवल्या, आमच्याकडे कापूस पिकतो. अशा संगीताला स्वतःची जागा आणि हवा तेवढा वेळ लागतो, आणि दोन्ही खेड्यात स्वस्त आहे.

आता पुढचं. आम्हाला पूर्ण रात्रीची एक रचना करायची आहे. दिवाळीनंतर झाडीपट्टीत मंडई भरते, तेव्हा लोक सतरंजी टाकून रात्री बसतात ते नाटक संपलं की पहाटे उठतात. शहरात नव्या बँडला अर्धा-पाऊण तास मिळतो. एकदा गणपतीत आम्ही तासाभराने थांबलो, तर समोरचे एक काका म्हणाले, "थांबू नोको बाबू, रात पडली हाये अजून." असा श्रोता ज्या मुलखात आहे तो सोडून मी कुठे जाऊ? हे संगीत फोनसाठी नाही हेही आम्हाला ठाऊक आहे. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की एक श्रवण मोजतात, मग रचना तीन मिनिटांची असो की चाळीस. शिवाय २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत किमान १,००० श्रवणं नसलेल्या गाण्याच्या रेकॉर्डिंगचा एक रुपयाही मिळत नाही.

कराराबद्दल तुम्ही विचारलंय. एका कंपनीने विचारणा केली होती. त्यांना चार मिनिटांची गाणी हवी होती, फेटे हवे होते आणि रेकॉर्डिंगची कायमची मालकी हवी होती. गाणी छोटी करणं एक वेळ समजू शकतो. मालकी नाही. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कराराने काढून घेता येत नाही, पण रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा असतो आणि तो ६० वर्षं चालतो. त्या कापसाच्या खोलीचा आवाज आपल्या नातवंडांनी ऐकायचा तर दुसऱ्या कोणाची परवानगी घ्यावी लागेल, हे आम्हा चौघांनाही मान्य नव्हतं. अजूनही नाही. रेकॉर्डिंग आमचं राहील, कंपनीला ठरावीक वर्षांपुरता विक्रीचा हक्क मिळेल आणि धानाच्या हंगामात दौरा लावायचा नाही, या तीन अटींवर कोणी बोलायला तयार असेल तर आम्ही आनंदाने बसू.

तुम्ही स्वतः बँड काढायच्या विचारात असाल, तर आधी आपल्या गावची डीपी कुठल्या सुरात गुणगुणते ते पेटी घेऊन ऐका आणि मला इथे कळवा. गाव निराळं असलं तरी सूर तोच निघेल, पण तुमच्या पेटीशी हेलकावे किती येतात हे जाणून घ्यायची मला खरंच उत्सुकता आहे.