आधी मशीनवर बस, मग पडद्यासमोर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

चवथीला गणपतीवरच्या फळा-पानांच्या माटोळीखाली बसून तू पर्वरीच्या ऑफिसातल्या नोकरीचं सांगत होतास. समोर पडदे, हातात जॉयस्टिक आणि खोदाईचं मशीन पार परदेशात. आरतीच्या गडबडीत मी नुसतंच 'बरं आहे' म्हटलं. ते मनाला लागून राहिलं, म्हणून लिहितोय.

काम खरं आहे, फसवणूक नाही. ऑस्ट्रेलियात रिओ टिंटो 2010 पासून पर्थमधल्या केंद्रातून सुमारे 1,500 किलोमीटरवरच्या पिलबारा भागातल्या लोखंडाच्या खाणी सांभाळते. 7 सप्टेंबर 2001 ला न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या सर्जननी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या एका बाईचं पित्ताशय यंत्राच्या हातांनी काढलं. पण त्या बाईच्या खाटेशीही डॉक्टर हजर होते, हे सांगायचं लोक विसरतात. तुझ्या मशीनजवळ कोण असेल? काही झालं तर जबाबदारी कुणाची? नेमणुकीच्या कागदावर सही करण्याआधी हे विचारून घे.

डिचोलीच्या खाणीवर मी पोकलेन चालवायचो तेव्हाची गोष्ट. जूनमधला पहिला मोठा पाऊस पडून गेला होता, मी बेंचवर, म्हणजे खाणीत कापलेल्या पायरीवर, टिपर भरत होतो. डोळ्यांना काहीच वावगं दिसत नव्हतं. पण बकेट भरून वळलो की सीट डावीकडे किंचित दबायची, आणि परतताना पूर्ण वर यायची नाही. तीन-चार फेऱ्या तसंच झालं. मी मशीन मागे घेतलं, टिपरवाल्याला हात करून थांबवलं. आमचा चहा संपायच्या आत बेंचची कड खाली गेली. कॅमेऱ्यात ती जागा चारचौघींसारखी लाल मातीच दिसली असती. ते माझ्या कमरेला कळलं होतं रे, डोळ्यांना नाही. पडद्यावर कंप येत नाही, जळक्या तेलाचा वास येत नाही.

दुसरं मजुरीचं. जपानमधल्या फॅमिलीमार्ट दुकानांत बाटल्या लावणारा यंत्रमानव अडला की मनिलातली पोरं तिथूनच तो हाताळतात. दुकान जपानचं, पण पगार कुठल्या गावच्या भावाने? शिवाय अशा हालचालींची नोंद ठेवून यंत्राला शिकवता येतं. तुझ्या हाताची नोंद कुणाच्या मालकीची, तेही लिहून घे. 2012 च्या सप्टेंबरात इथल्या, गोव्याच्या खाणी बंद झाल्या तेव्हा टिपर दारात उभे आणि बँकेचे हप्ते चालू, असे दिवस आपण काढले. तरी खाण इथेच होती, ती उचलून कुणाला नेता येत नव्हती. तुझी खुर्ची मात्र एका रात्रीत दुसऱ्या शहरात जाऊ शकते.

जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. टोकियोत 2021 पासून डॉन नावाच्या कॅफेत घराबाहेर पडू न शकणारी माणसं घरबसल्या यंत्रमानव चालवून गिऱ्हाइकांची सरबराई करतात. वाचलं तेव्हा डोळे भरून आले. गटारात माणसाऐवजी यंत्र उतरलं तर मी हातच जोडीन.

रुजू व्हायला महिना आहे म्हणालास. साखळीला माझ्या ओळखीच्या एकाची पोकलेन रस्त्याच्या कामावर आहे, त्याच्याशी बोलून ठेवलंय. रविवारी सकाळी सातला ये. जाड बूट घाल, आणि ते कानात घालायचं घरीच ठेव. इंजिन ऐकायचंय.