बॉयलरवाल्याच्या लेकीनं एनर्जीत एमटेक करावं का?

प्रश्न : मी कागलची, यंदा मेकॅनिकलमधून बीई झाले. बाबा साखर कारखान्यात बॉयलरवर आहेत. मला एनर्जी मॅनेजमेंट, स्टोरेज अँड कन्व्हर्जन असल्या विषयात मास्टर्स करायचंय पण घरात सगळे विचारतात हे नक्की कशाचं शिक्षण, आणि मलाही नीट सांगता येत नाही. बाबा म्हणतात कारखान्यात ट्रेनी म्हणून लाग. गेट (एमटेकच्या प्रवेशाची परीक्षा) द्यावी, परदेशात जावं, का बाबांचं ऐकावं?

उत्तर : घरच्यांना काय सांगायचं ते आधी बघू, कारण ते जमलं की निम्मा प्रश्न सुटतो. गळीत चालू असताना बाबांबरोबर एकदा कारखान्यात जा. टनभर उसातून पावणेतीनशे ते तीनशे किलो बगॅस, म्हणजे रस काढल्यावरचा चोथा, निघतं आणि त्यात जवळजवळ निम्मं पाणीच असतं. ते जाळून वाफ करायची, वाफेवर टर्बाइन फिरवून वीज करायची आणि टर्बाइनमधून कमी प्रेशरला बाहेर पडणारी तीच वाफ रस आटवायला वापरायची, हे झालं कन्व्हर्जन. जुने बॉयलर २१ नाहीतर ३२ किलो प्रेशरचे (दर चौरस सेंटिमीटरला) असायचे, आता को-जनसाठी, म्हणजे वाफेबरोबर वीजही करायला, ६७, ८७, ११० किलोचे बसवतात, कारण प्रेशर आणि टेंपरेचर वाढवलं की तेवढ्याच बगॅसमधून जास्त युनिट मिळतात. का मिळतात हे तू थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरात लिहिलंयस, बाबांनी ते रोज गेजवर बघितलंय. मागच्या यार्डातला बगॅसचा ढीग म्हणजे स्टोरेज, आणि तो आत्ता जाळून वीज ग्रीडला द्यायची का गळीत संपल्यावरसाठी राखायचा, तो पावसात भिजला तर किती नुकसान, हा हिशोब म्हणजे मॅनेजमेंट. घरी एवढंच सांग, बाबांना तर लगेच पटेल.

आता खरी मेख. कोर्सच्या नावात हे तिन्ही शब्द असले तरी पुढची कामं तीन वेगवेगळी आहेत आणि तुला त्यातलं कुठलं करायचंय हे ॲडमिशनच्या आधी ठरवायला पाहिजे, नंतर नाही. कन्व्हर्जन घेतलंस तर टर्बाइन, बॉयलर, सोलर, फ्युएल सेल (हायड्रोजनसारख्या इंधनातून न जाळता थेट वीज करणारा सेल). स्टोरेज म्हटलं की आजकाल पोरांच्या डोक्यात फक्त लिथियम बॅटरी येते, पण त्यात पंप स्टोरेजही आलं, आपल्या राज्यात घाटघरला २५० मेगावॅटचा प्रकल्प २००८ पासून आहे, वीज जास्त असते तेव्हा पाणी वर चढवायचं आणि मागणी वाढली की खाली सोडायचं. चढवायला १०० युनिट घातले तर परत साधारण ७५-८० मिळतात, बॅटरीत जास्त मिळतात पण ती वर्षागणिक झिजते. मॅनेजमेंटवाल्याचं काम मात्र बिलापासून सुरू होतं. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) जा, इंडक्शन फर्नेसमध्ये, म्हणजे विजेच्या भट्टीत, टनभर लोखंड वितळवायला साडेपाचशे-सहाशे युनिट सहज जातात, झाकण उघडं ठेवलं किंवा मोल्ड तयार नाही म्हणून वितळलेला माल तसाच धरून ठेवला की आकडा आणखी वर. त्यात मॅक्झिमम डिमांड (एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढली), पॉवर फॅक्टर (ओढलेल्यातली किती खरंच कामाला आली), दिवसा सवलत आणि संध्याकाळी जादा दर, हे सगळं बिलावर छापलेलं असतं. मालकाला ते बिल समजावून सांगणारा माणूस लागतो आणि अशी माणसं कमी आहेत, म्हणून मला स्वतःला ही बाजू फार मोलाची वाटते. यासाठी ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीची परीक्षा असते, एनर्जी मॅनेजरला तीन पेपर, ऑडिटरला चार, पण त्यालाही कामाचा अनुभव लागतो.

तेव्हा माझं स्पष्ट मत, बाबांचं ऐक आणि गेटही दे. गेट फेब्रुवारीत असते आणि स्कोअर तीन वर्षं चालतो, म्हणजे एक गळीत हंगाम कारखान्यात काढून मग गेलीस तरी काही बिघडत नाही, उलट इंटरव्ह्यूत बोलायला काहीतरी असेल. आयआयटी मुंबईत एनर्जीचं स्वतंत्र डिपार्टमेंट आहे, तिथं मेकॅनिकलवाल्यांनाही घेतात. गेटवर एमटेकला लागलीस तर महिना १२,४०० रुपये स्टायपेंड मिळतो, घरून फार काही मागावं लागत नाही. कॉलेज निवडताना नावापेक्षा सिलॅबस आणि लॅब बघ, बॅटरी टेस्टिंगचा सेटअप आहे का, आधीच्या बॅचनं थिसिस कशावर केले, सीनियरला फोन करून सरळ विचार.

परदेशाचं म्हणशील तर जर्मनीत बऱ्याच सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही, पण सगळीकडे नाही, बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यात आपल्यासारख्यांना सेमिस्टरला १५०० युरो पडतात. शिवाय व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात) वर्षाच्या खर्चाचे साधारण १२ हजार युरो दाखवावे लागतात आणि एपीएस सर्टिफिकेटला (आपली डिग्री खरी असल्याच्या तपासणीचा दाखला) वेळ जातो. फी नाही म्हणजे फुकट, असं एजंट सांगेल, त्याच्या नादाला लागून शेत गहाण टाकू नका.

प्रश्न : मी इचलकरंजीचा, एमएस्सी केमिस्ट्री करतोय. इंजिनिअर नाही म्हणून बॅटरीत काम करता येणार नाही का?

उत्तर : कोण म्हणालं? लिथियम आयन बॅटरीला २०१९ चं नोबेल मिळालं ते केमिस्ट्रीचंच. इलेक्ट्रोड, इलेक्ट्रोलाइट, सेल का फुगतो, हे सगळं तुझंच काम. आणि लांब कुठं जायला नको, शिवाजी विद्यापीठाच्या फिजिक्स डिपार्टमेंटात थिन फिल्म (पदार्थाचे अतिपातळ थर) आणि सुपरकपॅसिटरवर (झटपट चार्ज होणारं वीज साठवायचं साधन) कैक वर्षं संशोधन चालू आहे. एमएस्सीचं प्रोजेक्ट तिथं करता येतं का ते तुझ्या गाइडना विचार. सायक्लिक व्होल्टॅमेट्री, म्हणजे व्होल्टेज वरखाली करून करंट मोजायची चाचणी, स्वतःच्या हातानं करायला शीक, डेटा दुसऱ्याकडून काढून घेऊ नकोस. युरोपात इरास्मस मुंडस या युरोपियन युनियनच्या योजनेत एनर्जी स्टोरेजच्या मटेरियल्सवर मास्टर्स आहे, त्याला स्कॉलरशिप असते आणि केमिस्ट्रीवाले चालतात. अर्जाला रेकमेंडेशन लेटर लागतात, तेव्हा ज्या सरांच्या लॅबमध्ये खरंच काम केलंयस त्यांच्याकडूनच घे आणि दिवाळीच्या आधीच सांगून ठेव.