तो ‘कॅप्टन’ पोलीस नाही

त्या फिलिपिनो सिनेमावरची तुमची पोस्ट वाचली आणि माझंच जुनं दुखणं कुणीतरी लिहिल्यासारखं वाटलं. दोन घराण्यांचं वैर, फिलिपिन्समधलं आडगाव, खाबू मेयर, आणि तुमचा प्रश्न: डोळ्यांदेखत खून पडतो, तरी तो ‘कॅप्टन’ कुणाला अटक का करत नाही?

कारण तो पोलीस नाहीच. ‘कापितान’ म्हणजे बारांगायचा (तिथल्या प्रशासनाचा सगळ्यात लहान घटक, गाव किंवा वस्ती) निवडून आलेला प्रमुख, आपल्याकडचा सरपंच म्हणा. देशभर सुमारे 42,000 बारांगाय आहेत. इंग्रजी सबटायटलवाले ‘कॅप्टन’ लिहून मोकळे होतात.

मला हे फार महागात पडलं. आमच्या फिल्म मंडळासाठी मी अशाच एका जुन्या मारधाडपटाची मराठी सबटायटलं केली, तीही इंग्रजीवरून. कॅप्टन दिसला की ‘फौजदार’. मूळ संवाद मिळावेत म्हणून एका कार्यालयाशी दोन महिने पत्रव्यवहार केला. दर वेळी नवा फॉर्म, नवी सही, शेवटी उत्तरच नाही. त्याचा राग अजून जात नाही, कारण तिथल्या कुणीही दोन मिनिटांत ही चूक दाखवली असती. असो.

खेळ संपल्यावर पहिल्या रांगेतल्या आजोबांनी नेमकं तुमच्यासारखंच विचारलं. मी ठणकावून सांगितलं, ‘तो विकला गेलाय.’ तेव्हा मागून एक गृहस्थ उठले. मर्चंट नेव्हीत त्यांनी कित्येक वर्षं फिलिपिनो खलाशांबरोबर काढलेली. ‘ताई, तो सरपंच आहे हो. मेलेला मुलगा त्याचाच.’ कुणी काही बोललं नाही. पोरगा गमावलेल्या बापाला मी दीडशे माणसांसमोर लाचखोर ठरवलं होतं. त्या रात्री घरी जाऊन सगळी फाइल पुन्हा पहिल्यापासून केली, पण ती दीडशे माणसं परत थोडीच येणार होती.

आता खरे पोलीस. तुमचा सिनेमा आजच्या काळातला आहे, म्हणून हे लागू पडेल: 1990च्या कायद्यानुसार प्रांताचा पोलीस अधिकारी पाच नावं देतो आणि त्यातून गावचा पोलीसप्रमुख मेयर निवडतो. मग नायक ठाण्याची पायरी कशाला चढेल? व्हाइस मेयरची निवडणूक वेगळी होते, त्यामुळे एकाच नगरपालिकेत दोन वैरी घराणी बसू शकतात. 1987च्या राज्यघटनेत घराणेशाहीला मनाई आहे, पण ‘कायद्याने व्याख्या केल्याप्रमाणे’ अशी पुस्ती जोडून. आणि तो देशव्यापी कायदा कित्येक दशकं रखडला.

गोळीबार अतिरंजित वाटला असं तुम्ही म्हणता. मला नाही वाटत. 23 नोव्हेंबर 2009 रोजी तिथल्याच मागिंदानाव प्रांतात प्रतिस्पर्धी घराण्याचा उमेदवारी अर्ज भरायला निघालेला ताफा अडवून 58 जणांना मारलं, त्यात 32 पत्रकार आणि माध्यम-कर्मचारी होते.

मी टागालोग, म्हणजे तिथली भाषा, रीतसर शिकलेली नाही, विचारून-विचारून जमवलेलं आहे हे सगळं. पण माझं मत पक्कं आहे: असा सिनेमा डब केलेला बघूच नका. सबटायटलं चुकली तरी मूळ हाक कानावर पडते; डबिंगमध्ये ‘कापितान’, ‘कुमपारे’, ‘निनाँग’ ही हाक मारण्याची सगळी नाती पुसली जातात. कुमपारे ही मुलाचा बाप आणि धर्मपिता यांनी एकमेकांना मारायची हाक. निनाँग म्हणजे बारशाला किंवा लग्नाला उभा राहणारा धर्मपिता. सबटायटलमधल्या ‘गॉडफादर’मुळे तो उगाच माफिया वाटतो. पुढारी अशी शेकडो लेकरं जोडून ठेवतात. दुसऱ्यांदा बघाल तेव्हा तुम्ही ‘कंटाळवाणा’ म्हणालात तो लग्नाचा प्रसंग पुढे ढकलू नका. नवरदेवाचा निनाँग म्हणून कोण उभा आहे तेवढं बघा.