सर्वांत लहान नाणे चलनातून काढावे का?

सर्वांत कमी मूल्याचे नाणे चलनातून काढावे का, काढल्यास भाव वाढतील का, आणि त्याचा भार रोखीने व्यवहार करणाऱ्या गरीब माणसावर पडेल का, असे तीन प्रश्न आपण एकत्र विचारले आहेत. रोख रकमेच्या मोजणीशी आणि सुट्ट्यांच्या देवघेवीशी माझा अनेक वर्षे संबंध आला असल्याने थोडे सविस्तर लिहितो. माझे मत असे आहे की, जे नाणे एकदा लोकांच्या हाती गेल्यावर पुन्हा खर्चासाठी बाहेर पडत नाही, ते काढले पाहिजे; मात्र रोख रक्कम पूर्णांकित करण्याचा, म्हणजे उरलेल्या सर्वांत लहान नाण्याच्या जवळच्या पटीत आणण्याचा, नियम आधी ठरावा आणि नाणे त्यानंतर थांबावे, हा क्रम मोडता कामा नये.

या वादात टांकसाळीचा खर्च हमखास पुढे केला जातो. अमेरिकेत २०२४ च्या आर्थिक वर्षात एक सेंटचे नाणे टांकसाळीला ३.६९ सेंटला पडत होते. कॅनडात ते बंद करण्याच्या वेळी हा खर्च १.६ सेंट होता. आकडे मोठे आहेत, तरीही केवळ त्यांवरून निकाल देणे मला पटत नाही. नाणे वर्षानुवर्षे शेकडो हातांतून फिरून प्रत्येक वेळी एक व्यवहार पुरा करत असेल, तर ते पाडायला दर्शनी मूल्यापेक्षा अधिक खर्च येऊनही समाजाचा तोटा होत नाही. अडचण अशी आहे की सर्वांत लहान नाणे फिरतच नाही. दुकानदार ते सुटे म्हणून देतो, गिऱ्हाईक ते घरी नेऊन एखाद्या डब्यात टाकते, आणि गल्ल्यात ते परत येत नाही. दुकानदाराला मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा सुटे लागतातच. तो बँकेकडे मागणी करतो, बँक ती पुढे कळवते आणि टांकसाळ नवी नाणी पाडते. घरोघरी नाण्यांचे ढीग साचलेले असताना बाजारात त्याच नाण्याची टंचाई दिसू लागली, की ते नाणे आपले काम करेनासे झाले आहे असे खुशाल समजावे.

नाणे स्वस्त धातूचे करावे, हा आपण सुचवलेला उपाय करून झालेला आहे. अमेरिकेने १९८२ मध्ये तांब्याचा पातळ मुलामा दिलेल्या जस्ताकडे मोर्चा वळवला, कॅनडाने २००० पासून पोलादाचा वापर सुरू केला. त्यामुळे धातूचा खर्च घटला, पण नाणी मोजणे, थैल्यांत भरणे, वाहून नेणे आणि तपासणे यांचा खर्च नगावर ठरतो, धातूवर नाही. तो जसाच्या तसा राहिला.

आता भाववाढीविषयी. समजा एक सेंटचे नाणे गेले आणि पाच सेंटचे सर्वांत लहान राहिले. शेवटचा अंक १ किंवा २ असेल तर रक्कम खाली शून्यावर येते, ३ किंवा ४ असेल तर वर पाचावर जाते, ६ किंवा ७ असेल तर खाली पाचावर येते आणि ८ किंवा ९ असेल तर वर दहावर जाते. म्हणजे चार अंकांना गिऱ्हाइकाचा लाभ, चार अंकांना दुकानदाराचा, आणि कोणत्याही व्यवहारात फरक दोन सेंटहून अधिक नाही. दुकानदार किमतीच अशा ठेवतील की रक्कम नेहमी वरच जाईल, ही शंका रास्त आहे, आणि म्हणूनच पूर्णांकन कुठे होते हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे ठरते. ०.९९ डॉलरची एकच वस्तू घेतली तर १ डॉलर द्यावा लागेल. तीन घेतल्या तर बेरीज २.९७ होते आणि द्यावे लागतात २.९५. हेच पूर्णांकन प्रत्येक वस्तूवर वेगवेगळे केले असते, तर त्याच गिऱ्हाइकाने ३ डॉलर मोजले असते. त्यामुळे कर धरून होणाऱ्या अंतिम बेरजेवर, फक्त एकदा आणि फक्त रोख व्यवहारात पूर्णांकन व्हावे, हे नियमात असंदिग्धपणे लिहिलेले असले पाहिजे. कार्डाने किंवा धनादेशाने देणाऱ्याने नेमकी रक्कमच द्यावी. कॅनडाने ही पद्धत ठेवली.

गरीब माणसाविषयीची आपली काळजी मलाही तितकीच महत्त्वाची वाटते, कारण रोखीवर अवलंबून असणारा माणूस आणि छोटी खरेदी करणारा माणूस बहुधा एकच असतो, आणि एकाच वस्तूच्या खरेदीत वर दाखवलेला समतोल नेहमी साधेलच असे नाही. कॅनडातील किराणा मालाच्या किमतींवर २०१७ मध्ये झालेल्या एका अभ्यासात, पूर्णांकनामुळे ग्राहकांकडून दुकानांकडे वर्षाला सुमारे ३२.७ लाख डॉलर जात असल्याचा अंदाज निघाला. लोकसंख्येवर वाटल्यास हे माणशी वर्षाला दहा सेंटहूनही कमी आहे, तरी ते शून्य नाही. माझ्या मते सरकारी देयके आणि मदतीच्या रकमा यांत पूर्णांकन नेहमी नागरिकाच्या बाजूनेच व्हावे. शासनाला हे सहज परवडते.

आपल्या प्रश्नात तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे, आणि ती बहुतेकांकडून होते. नवी नाणी पाडणे थांबवणे, ती व्यवहारातून गोळा करणे आणि त्यांची वैधता काढून घेणे, हे तीन स्वतंत्र निर्णय आहेत. नेदरलँड्सने २००४ पासून युरोच्या पाच सेंटपर्यंत पूर्णांकन सुरू केले, पण एक आणि दोन सेंटची नाणी तेथे आजही वैध आहेत. भारताने २५ पैसे आणि त्याखालील नाण्यांची वैधताच ३० जून २०११ पासून काढून घेतली, मात्र आधी मुदत देऊन ती बँकांतून बदलून घेण्याची सोय ठेवली होती. उलट ५० पैशांचे नाणे तेथे अजून वैध असूनही व्यवहारात क्वचितच स्वीकारले जाते. कायदा नाण्याला जिवंत ठरवतो म्हणून लोक ते वापरतात असे होत नाही.

क्रम चुकला की काय होते, याचे उदाहरण ताजे आहे. अमेरिकेने १२ नोव्हेंबर २०२५ रोजी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चलनासाठीचे शेवटचे एक सेंटचे नाणे पाडले, तेव्हा रोख पूर्णांकनाचा देशव्यापी कायदा अस्तित्वात नव्हता. नाण्यांची टंचाई त्याआधीच जाणवू लागली होती. काही दुकाने स्वतःहून खाली पूर्णांकन करू लागली, तर काहींनी गिऱ्हाइकांना नेमके सुटे आणण्याची विनंती केली. नियमाची अशी पोकळी राहिली की ती दुसऱ्या कशाने तरी भरली जाते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात इटलीत सुटे इतके दुर्मीळ झाले की बँकांनी ५० आणि १०० लिरांसारख्या (लिरा हे तेव्हाचे इटलीचे चलन) किरकोळ रकमांचे छोटे धनादेश छापले आणि लोक तेच नाण्यांऐवजी फिरवू लागले.

नाणे गेल्यावर पुढच्या नाण्यावर भार येतो, ही बाब या चर्चेत बहुधा सुटते. पूर्णांकन पाच सेंटपर्यंत केले की पाच सेंटच्या नाण्याची गरज वाढते, आणि अमेरिकेत तेच नाणे २०२४ मध्ये १३.७८ सेंटला पडत होते. स्वीडनने १९७२ मध्ये एक आणि दोन एरे (क्रोना या तेथील चलनाचा शंभरावा भाग) काढून सुरुवात केली आणि टप्प्याटप्प्याने पुढे जात २०१० मध्ये ५० एरेही काढले. म्हणून कायदा करतानाच त्यात ठरावीक वर्षांनी फेरतपासणीची तरतूद असावी, आणि त्या तपासणीत पाडण्याच्या खर्चाइतकेच लक्ष, चलनात सोडलेली नाणी बँकांकडे किती प्रमाणात परत येतात याकडे द्यावे.