दहा मीटरवरची कारकीर्द: किती वर्षांची, कशाच्या जोरावर आणि पुढे काय

ताई, तुमचे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून एकत्रच उत्तर देतो. मुलगी अकरा वर्षांची आहे, मल्लखांबावरून डायव्हिंगकडे वळली आहे, एक आणि तीन मीटरच्या स्प्रिंगबोर्डवर, म्हणजे लवचीक फळीवर, तिची प्रगती चांगली आहे आणि आता क्लबातले सर दहा मीटरच्या प्लॅटफॉर्मचे, म्हणजे न हलणाऱ्या पक्क्या मंचाचे, नाव काढू लागले आहेत. तेव्हा तिला इतक्या वर न्यावे का, ही कारकीर्द खरोखरच विशीत आटोपते का, आणि ती आटोपल्यावर हातात काय उरते, असे तुम्ही विचारले आहे. मी राज्य पातळीपर्यंत हा खेळ खेळलो आणि आता स्पर्धांना पंच म्हणून बसतो. त्या खुर्चीवरून जे दिसते ते सांगतो.

विशीत संपण्याचा समज मुख्यतः चीनच्या मुलींमुळे पसरला आहे आणि तो अगदीच निराधार नाही. फू मिंगशिया 1991 मध्ये पर्थला प्लॅटफॉर्मची जागतिक विजेती झाली तेव्हा बारा वर्षांची होती आणि पुढच्याच वर्षी बार्सिलोनाला तिने ऑलिंपिक सुवर्णपदक घेतले. त्यानंतर स्पर्धेच्या वर्षी किमान चौदा वर्षे पूर्ण होत असली पाहिजेत, असा नियम आला. तरीही चेन रुओलिन 2008 मध्ये पंधराव्या वर्षी, रेन छियान 2016 मध्ये पंधराव्या वर्षी आणि छ्वान होंगचान टोकियोत चौदाव्या वर्षी ऑलिंपिक विजेती झाली. रुओलिनने पाच ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवली आणि मानेच्या दुखापतीमुळे 2016 मध्ये, म्हणजे चोविशीच्या आतच, खेळ सोडला. पण किती लवकर जिंकता येते आणि किती काळ टिकता येते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ऑस्ट्रेलियाच्या मेलिसा वूने 2008 मध्ये सोळाव्या वर्षी जोडीच्या, म्हणजे दोघींनी एकाच वेळी सूर मारण्याच्या, स्पर्धेत रौप्यपदक घेतले आणि वैयक्तिक कांस्यपदक तिला टोकियोत, एकोणतिसाव्या वर्षी मिळाले. मधली सगळी वर्षे ती दहा मीटरवरूनच सूर मारत होती.

या खेळातली कारकीर्द कशी घडते हे समजून घ्यायचे तर टॉम डेलीचा आलेख नीट पाहावा. जन्म 1994 चा, इंग्लंडमधल्या प्लिमथचा. सातव्या वर्षी डायव्हिंगला सुरुवात. तेराव्या वर्षी तो युरोपचा विजेता झाला, चौदाव्या वर्षी बीजिंगला वैयक्तिक स्पर्धेत सातवा आला आणि पंधराव्या वर्षी, 2009 मध्ये, रोमला जगज्जेता ठरला. 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने वैयक्तिक आणि जोडीचे अशी दोन सुवर्णपदके घेतली. आपल्याकडच्या बऱ्याच जणांनी जागतिक दर्जाचे प्लॅटफॉर्म डायव्हिंग प्रथम पाहिले ते तेव्हाच. येथवरची कथा बालचमत्काराची आहे आणि वर्तमानपत्रांना तीच आवडते. मला त्यानंतरची चौदा वर्षे अधिक शिकवणारी वाटतात.

रोम जिंकणारा मुलगा लहानखुरा होता. पुढच्या दोन-तीन वर्षांत तो वाढला आणि इथेच या खेळाचा कळीचा मुद्दा येतो. दहा मीटरवरून पाण्यापर्यंत जायला जेमतेम दीड सेकंद लागतो आणि पाण्याला शरीर भिडते तेव्हा वेग ताशी सुमारे 50 किलोमीटर असतो. हा दीड सेकंद कोणासाठी वाढत नाही. शरीर मात्र वाढते. उंच आणि जड शरीर त्याच रेट्याने हळू फिरते, त्यामुळे साडेतीन कोलांट्या पूर्ण व्हायला लागणारा काळ वाढतो आणि पाणी दिसून अंग उघडायला उरणारा क्षण आक्रसतो. अंगवळणी पडलेली वेळ चुकू लागते. म्हणून प्रत्येक प्लॅटफॉर्म डायव्हरला वयात येताना त्याच उड्या पुन्हा शिकाव्या लागतात, बऱ्याचदा कमी काठिण्याच्या उड्यांवर परत यावे लागते, आणि त्या काळात गुण घसरतात. होंगचानचेच पाहा. टोकियोत तिच्या दोन उड्यांना सातही पंचांनी दहापैकी दहा गुण दिले होते आणि एकूण गुण 466.20 झाले, पण नंतर शरीर बदलत गेले आणि 2022 व 2023 च्या जागतिक स्पर्धांत वैयक्तिक सुवर्णपदक तिच्याच संघातल्या चेन युशीने नेले. पॅरिसला होंगचान पुन्हा पहिली आली, तेव्हा तिची प्रशिक्षक होती चेन रुओलिन, म्हणजे या सगळ्यातून स्वतः गेलेली बाई.

डेलीच्या बाबतीत शरीराच्या जोडीला मनही आडवे आले. त्याचे वडील मे 2011 मध्ये मेंदूच्या ट्यूमरने गेले. पुढच्या वर्षी लंडन ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत त्याच्या पहिल्याच, गिरक्यांच्या (अंग स्वतःभोवती फिरवण्याच्या) उडीच्या वेळी प्रेक्षकांतून कॅमेऱ्यांचे फ्लॅश चमकले, उडी बिघडली आणि पंचांनी ती पुन्हा मारू दिली. त्या दिवशी कांस्यपदक मिळाले, पण त्या गिरक्यांच्या उडीची धास्ती त्याच्या मनात बसली ती बसलीच. शेवटी त्याने ती यादीतून काढून टाकली आणि तिच्या जागी साडेतीन कोलांट्या व एक गिरकी असलेली नवीन उडी बसवली. दरम्यान प्लिमथ सोडून तो लंडनला नव्या प्रशिक्षक जेन फिगरेडो यांच्याकडे गेला होता. जगज्जेता झालेल्या माणसाने एका उडीपुढे हात टेकणे कोणाला कमीपणाचे वाटेल. माझ्या मते त्याची पुढची दहा वर्षे त्या निर्णयावर उभी आहेत.

त्यानंतरही सरळ चढण नव्हती. 2016 मध्ये रिओला प्राथमिक फेरीत त्याने 571.85 गुण घेऊन पहिला क्रमांक मिळवला आणि दुसऱ्या दिवशी उपांत्य फेरीत तो अठरापैकी अठरावा आला. जोडीतले कांस्यपदक तेवढे पदरात पडले. पुढच्याच वर्षी बुडापेस्टला तो पुन्हा जगज्जेता झाला. टोकियोच्या आधी गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, तरी मॅटी लीबरोबर त्याने चीनच्या जोडीला 471.81 विरुद्ध 470.58 अशा फरकाने मागे टाकून सुवर्णपदक घेतले. सत्तावीस वर्षांचा, चौथे ऑलिंपिक. मग खेळापासून मोठी विश्रांती, पुनरागमन, 2024 मध्ये पॅरिसला नोआ विल्यम्सबरोबर जोडीचे रौप्यपदक आणि तिशीत निवृत्ती. पाच ऑलिंपिक, पाच पदके. उत्तरार्धात जोडीच्या स्पर्धेचा आधार त्याला किती झाला हेही लक्षात घ्या. एका वयानंतर अनेक डायव्हर हाच मार्ग घेतात.

आता तुमच्या मुलीविषयी. तिला वर न्यायचे की नाही हे तिच्या धाडसावरून ठरवू नका. अकराव्या वर्षी धाडस पुष्कळांकडे असते. पाण्यात शिरताना तिचे हात कसे असतात ते पाहा. विहिरीत सूर मारणारी मुले हात नमस्कारासारखे जोडतात, बोटे पुढे. दहा मीटरवर ते चालत नाही. एका हाताने दुसऱ्या हाताची बोटे धरायची, तळहात पाण्याकडे सपाट उघडा ठेवायचा, कोपरे ताठ, दंड कानांना घट्ट. त्या सपाट तळहाताने पाण्यात भोक पडते आणि उरलेले शरीर त्याच भोकातून आत जाते. आत गेल्या गेल्या हात बाजूला फाकवले की वर उडू पाहणारे पाणी खाली ओढले जाते. हे बरोबर जमले की फडके फाडल्यासारखा एक कोरडा आवाज येतो. पंचाच्या खुर्चीवर तो आवाज ऐकल्यावर मान वर करून तुषार पाहण्याची फारशी गरज उरत नाही. तुमच्या मुलीचा तो आवाज तीन मीटरवरून दहांतल्या सात-आठ वेळा येत असेल, तर पाच मीटर, मग साडेसात, आणि मग दहा अशी पायरी चढवायला हरकत नाही. येत नसेल तर मनगटे, खांदे आणि पाठ त्याची किंमत मोजतील.

गुणांचे गणितही हेच सांगते. सात पंचांपैकी वरचे दोन आणि खालचे दोन गुण वगळतात, उरलेल्या तिघांची बेरीज उडीला ठरवून दिलेल्या काठिण्याच्या आकड्याने गुणतात. 3.2 काठिण्याची उडी स्वच्छ मारून तीन आठ मिळाले तर 76.8 होतात, 3.6 ची अर्धीकच्ची उडी मारून तीन सहा मिळाले तर 64.8. स्थानिक स्पर्धांत पालक आणि काही प्रशिक्षकसुद्धा अवघड उडीच्या मोहात पडतात, तेव्हा हा हिशेब कागदावर मांडून दाखवावासा वाटतो.

धोक्याबद्दल तुम्ही थेट विचारले नाही, पण लपवण्यात अर्थ नाही. 1983 मध्ये एडमंटनच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत सोव्हिएत संघाच्या सर्गेई चालिबाश्विलीचे डोके साडेतीन उलट कोलांट्यांच्या उडीत प्लॅटफॉर्मवर आदळले आणि त्यातच त्याचा मृत्यू झाला. अशा घटना अत्यंत विरळ आहेत. रोजचे दुखणे निराळे: मनगट, दंडामागचा स्नायू, खांदा, मान, आणि वर्षानुवर्षांच्या आघाताने डोळ्यांचा पडदा. अथेन्सचा विजेता हू जिया याला पडद्याचाच त्रास झाला होता. म्हणून वर्षातून एकदा नेत्रतज्ज्ञाकडून पडदा तपासून घ्यावा आणि दहा मीटरवरच्या उड्या आठवड्यात मोजून घ्याव्यात. चांगल्या केंद्रात बहुतेक सराव जमिनीवर होतो: पट्ट्याने लटकून ट्रॅम्पोलिनवर कोलांट्या, गादीवर उड्या, हातांवर उभे राहणे. इथे मल्लखांबाची मुले पुढे असतात, कारण उलटे असताना आपण कुठे आहोत हे त्यांना कळते. केंद्रात असा कोरडा सराव नसेल आणि सर थेट वर पाठवत असतील, तर नम्रपणे नाही म्हणा.

महाराष्ट्रात ही सोय मोजक्याच ठिकाणी आहे. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात दहा मीटरचा प्लॅटफॉर्म आहे. पुण्यातल्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये डायव्हिंगचे प्रशिक्षण चालते, पण ती सैन्याची संस्था आहे. सोलापूरने राष्ट्रीय पदके मिळवणाऱ्या मुली दिल्या आहेत. तुम्ही यांपैकी कोठे राहत नसाल तर बारा-तेराव्या वर्षी घर, शाळा आणि तलाव यांची फेरमांडणी करावी लागेल, आणि घरात तो निर्णय उड्यांपेक्षा जड जातो.

पैशाचे म्हणाल, तर बक्षिसांवर या खेळात कोणाचे घर चालत नाही. डेलीला लॉटरीच्या निधीतून मिळणारे सरकारी पाठबळ होते, आणि त्याची कमाई पदकांपेक्षा प्रसिद्धीतून आली. आपल्याकडे राष्ट्रीय स्पर्धांत रेल्वे आणि सेनादल यांचा वरचष्मा असतो, तो नोकरीमुळेच. रेल्वेत खेळाडू म्हणून भरती होते, राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. खेळ सोडल्यावर प्रशिक्षण, पंचगिरी, परदेशातले जलकसरतींचे कार्यक्रम, आणि फारच हौस असेल तर कड्यावरून उड्या मारण्याच्या स्पर्धा, जिथे स्त्रिया सुमारे 21 आणि पुरुष 27 मीटरवरून उतरतात. भारतात डायव्हिंगचे जाणते प्रशिक्षक कमी आहेत, त्यामुळे ज्याने हा खेळ मुळापासून केला आहे त्याला काम मिळते.

माझा सल्ला विचाराल तर चौदा वर्षांची होईपर्यंत स्प्रिंगबोर्ड सोडू देऊ नका, दहा मीटर हा पूरक सराव राहू द्या, आणि तेरा ते सोळा या वयात गुण घसरले तर खेळ बदलण्याचा विषय निदान दोन हंगाम घरात काढू नका. स्पर्धांची प्रमाणपत्रे मात्र पहिल्यापासून जपून ठेवा. क्रीडा आरक्षणासाठी अर्ज करताना त्यांची पडताळणी होते, आणि तेव्हा जुन्या स्पर्धेचा कागद मिळवायला फार फिरावे लागते.