फेरॉप्टोसिस, असंपृक्त मेद आणि ‘खवट’

एका वाचकाने विचारलं आहे : ‘आहारातील बहुअसंतृप्त मेदामुळे कर्कपेशींचा फेरॉप्टोसिस होतो, असं एका आरोग्यलेखात वाचलं. असंतृप्त बरोबर की असंपृक्त? आणि फेरॉप्टोसिसला मराठीत काय म्हणायचं?’

पहिला प्रश्न लवकर सुटतो. मराठी विज्ञानलेखनात दोन्ही शब्द वापरले गेले आहेत, ‘संतृप्त’ हिंदीतही रूढ आहे. पण आपल्या शालेय पुस्तकांत संपृक्त द्रावण, असंपृक्त हायड्रोकार्बन असंच येतं, त्यामुळे मराठी माध्यमात शिकलेल्यांच्या कानाला ‘असंपृक्त’ सरावाचा आहे. मी तोच घेईन. ‘असंतृप्त’ म्हटलं की कुणाची तरी भूक भागलेली नाही असं वाटतं. इथे प्रश्न भुकेचा नसून बंधांचा आहे. कार्बनच्या साखळीवर हायड्रोजन बसू शकेल तेवढा बसला तर मेद संपृक्त. कुठे दुहेरी बंध राहिला तर असंपृक्त, आणि असे बंध एकाहून जास्त असले की बहुअसंपृक्त. खोबरेल बहुतांशी संपृक्त. मेद ज्यांचे बनतात ती मेदाम्लं. शेंगदाणा तेलात एकच दुहेरी बंध असलेलं ओलेइक आम्ल हे मेदाम्ल भरपूर. जवसाचं आणि बांगडा-तारलीसारख्या माशांचं तेल बहुअसंपृक्त मेदाम्लांनी समृद्ध.

‘कर्कपेशी’ मात्र मला खटकतो. कर्क म्हणजे खेकडा, तेव्हा या शब्दाने खेकड्याच्या पेशी असाही अर्थ निघतो. ‘कर्करोगाच्या पेशी’ म्हणायला एक शब्द जास्त लागतो, तो लागू द्यावा.

आता फेरॉप्टोसिस. पेशी मरण्याची ही एक रीत. हा शब्द 2012 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले स्कॉट डिक्सन, ब्रेंट स्टॉकवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केला. ‘फेरम’ हे लोहाचं लॅटिन नाव आणि ‘प्टोसिस’ म्हणजे ग्रीकमध्ये पडणं, गळणं. पापणी उतरली की डोळ्यांचे डॉक्टर टोसिस म्हणतात, तोच हा शब्द. त्याआधी 1972 मध्ये पेशींच्या आखीव, शिस्तशीर मरणाला ‘अपॉप्टोसिस’ नाव मिळालं होतं. ते ग्रीक भाषेत झाडाची पानं गळण्यावरून आलेलं. तिथे ‘पानगळ’ आठवून एखादा सुरेख मराठी शब्द घडवता येईल. फेरॉप्टोसिसमध्ये मात्र गळण्यापेक्षा महत्त्वाचं असं काही घडतं, आणि त्याला मराठीत घराघरांत बोलला जाणारा शब्द आहे : खवट होणं.

जवसाची चटणी डब्यात फार दिवस राहिली की तिला जो उग्र वास येतो, त्यामागचं रसायन आणि या पेशीमृत्यूमागचं रसायन मुळात एकच आहे. दोन दुहेरी बंधांच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन सैल बसलेला असतो. तो निघाला की साखळीला ऑक्सिजन येऊन चिकटतो आणि पेरॉक्साइड बनतं. लोह त्या पेरॉक्साइडला फोडतं, नवे मुक्त मूलक (फ्री रॅडिकल) तयार होतात, ते शेजारच्या मेदाम्लावर तुटून पडतात आणि साखळी पुढे चालू राहते. पेशीच्या पटलात, म्हणजे तिच्या आवरणात, मेद भरपूर असल्यामुळे ते अशा रीतीने खवट होत गेलं की फाटतं आणि पेशी मरते. (सुकं खोबरंही खवट होतं, पण तिथे बहुतेक वेळा ओलावा आणि बुरशी कारण असते. बोलीतला शब्द दोन्हींना पुरतो, रसायन वेगळं.)

पेशी हे निमूट सोसत नाही. जीपीएक्स-4 नावाचं सेलेनियमयुक्त विकर (एन्झाइम) पेशीतल्याच ग्लुटाथायोन या संयुगाच्या मदतीने ही पेरॉक्साइडं निकामी करत राहतं. ई जीवनसत्त्वही साखळी तोडतं. थॅलसेमियाच्या रुग्णांच्या शरीरात साठलेलं लोह काढायला जे डेफेरोक्सामिन देतात, ते प्रयोगातल्या पेशींना दिलं तर हा मृत्यू थांबतो. लोहावाचून हे घडत नाही, याचा हा ढळढळीत पुरावा.

म्हणून मी ‘लोहाश्रित पेशीमृत्यू’ सुचवतो. ‘लोहमृत्यू’ आटोपशीर आहे, पण त्यातून लोहाचाच मृत्यू किंवा शस्त्राने आलेला मृत्यू असे भलते अर्थ निघतात. ‘लोखंड’ तर नकोच. रक्तात आणि पालेभाजीत असतं ते लोह, तव्याचं ते लोखंड, हा भेद मराठीने छान सांभाळला आहे. आणि शब्द पहिल्यांदा येईल तिथे ‘पेशीपटलातला मेद खवट होऊन येणारा मृत्यू’ एवढी फोड जरूर द्यावी. माझ्या आजीच्या पिढीलाही ती कळली असती.

राहिलं ते क्रियापद, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते वाचकाने दिलेल्या वाक्यातल्या याच ‘होतो’बद्दल. बेल्जियममधल्या लुवें विद्यापीठात ऑलिव्हिए फेरोन यांच्या गटाने 2021 मध्ये दाखवलं की कर्करोगाच्या गाठीतल्या आम्लधर्मी भागातल्या पेशी डीएचए हे सहा दुहेरी बंधांचं मेदाम्ल अधाशासारखं आत घेतात. ते मेदाच्या थेंबांत साठवण्याची त्यांची ताकद संपली की ते खवट होऊन पेशी मरतात. अशा मेदाम्लांनी समृद्ध आहार दिलेल्या उंदरांमध्ये गाठींची वाढ मंदावली. पण हे काचपात्रात आणि उंदरांत. उलट 2020 मध्ये मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगावरच्या संशोधनात दिसलं की लसिकेतलं (लिम्फमधलं) ओलेइक आम्ल कर्करोगाच्या पेशींना याच मृत्यूपासून वाचवतं. म्हणजे सगळे असंपृक्त मेद एका बाजूचे नाहीत, एक बंध आणि सहा बंध यांत जीवनमरणाचा फरक पडू शकतो. उपचार चालू असलेल्या घरात असं वाक्य वाचलं जातं आणि दुसऱ्या दिवशी माशाच्या तेलाच्या गोळ्या आणल्या जातात. त्या घराशी प्रामाणिक राहायचं तर ‘होतो’ लिहिता येणार नाही.

मी ते वाक्य असं लिहीन : ‘काही बहुअसंपृक्त मेदाम्लांमुळे कर्करोगाच्या पेशींचा लोहाश्रित मृत्यू घडू शकतो, असं प्रयोगशाळेत आणि उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे.’ मूळ शब्द ठेवायचाच असेल तर त्याचं लेखन ‘फेरॉप्टोसिस’ असं करावं, आणि ‘बहुअसंपृक्त’ एकत्र लिहावं.