ब्रोकन हिलला यायचं का? उन्हाचं सोडा, धुळीचं बघा

नवऱ्याला ऑस्ट्रेलियात ब्रोकन हिलला नोकरी मिळतेय, मुलगा सात वर्षांचा, मुलगी दीड वर्षाची, नंतर सासू-सासरे सहा महिने येतील, तर एवढ्या रखरखाटात निभेल का, असं तुम्ही विचारलंय. मी इथे बरीच वर्षं आहे, माझी दोन्ही पोरं इथेच वाढली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

निभेल. माझं माहेर बीडकडचं, त्यामुळे उन्हाचं मला काही अप्रूप नव्हतं. इथे वर्षाला 250 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे आपल्या दुष्काळी तालुक्यांहूनही कमी. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, पण हवा कोरडी असल्यामुळे चिकचिक नाही. विदर्भातल्या माणसाला सांगायलाच नको, अशा हवेत पाण्याचा कूलर झकास चालतो. फक्त लांबची खिडकी थोडी किलकिली ठेवायची, नाहीतर घर दमट होतं. थंडीत मात्र रात्री हुडहुडी भरते. सासूबाईंना म्हणावं, स्वेटर आणा. पाण्याचीही काळजी नको. पूर्वी मेनिंडीच्या तलावांवर भिस्त होती आणि दुष्काळात गावाचे प्राण कंठाशी यायचे. 2019 पासून मरे नदीचं पाणी 270 किलोमीटरच्या पाइपलाइनने येतं. नळाचं पाणी बिनधास्त प्या.

खरा प्रश्न आहे धुळीचा, आणि त्याबद्दल तुम्हाला कुणी आधी सांगणार नाही. गावाच्या मधोमध खाणीचा लांबलचक डोंगर आहे, त्याला लाइन ऑफ लोड म्हणतात. 1883 साली चार्ल्स रास्प या मेंढवाड्यावरच्या कामगाराला इथे खनिज सापडलं, तेव्हापासून शिसं, चांदी आणि जस्त निघतंय. (बीएचपी या अवाढव्य कंपनीच्या नावातलं ‘बीएच’ म्हणजे हेच गाव. रस्त्यांची नावंसुद्धा आर्जेंट, ऑक्साइड, सल्फाइड, ब्रोमाइड! मुलाचं रसायनशास्त्र पक्कं होईल.) एवढ्या वर्षांचं शिसं अंगणातल्या मातीत, जुन्या घरांच्या छताच्या पोकळीत, खिडक्यांच्या खाचांत बसलंय. मोठ्या माणसांपेक्षा रांगत्या आणि तोंडात बोटं घालणाऱ्या मुलांना त्याचा धोका जास्त, म्हणजे तुमच्या धाकटीला.

घाबरू नका, पण शिस्त लागेल. पाच वर्षांखालच्या मुलांची शिशासाठी रक्ततपासणी इथे मोफत होते, बोटाला टोचून थेंबभर रक्त घेतात. डेसिलिटरला 5 मायक्रोग्रॅमच्या वर आकडा गेला की शिसं कुठून येतंय याचा शोध घेतात. आल्याबरोबर एकदा करून घ्या, म्हणजे पुढच्या आकड्यांशी ताडून बघता येईल. घर घेताना खाणीपासून जितकं लांब तितकं बरं. जुन्या घराचा रंग पोपडे धरून सुटत असेल, तर भाडं कितीही कमी असो, पुढे चला. त्या रंगातही शिसं असू शकतं. केरसुणीने झाडणं बंद, ओलं फडकं किंवा मॉप. चपला दाराबाहेर, ते आपल्याला शिकवावं लागत नाही. जेवणाआधी हात साबणाने. पोर उपाशीपोटी खेळायला सोडायचं नाही, कारण रिकाम्या पोटी शिसं शरीरात जास्त शोषलं जातं. कॅल्शियम आणि लोह भरपूर मिळालं की ते शोषण कमी होतं, तेव्हा नाचणीची पेज आणि दूध चालू ठेवा.

आता वाळवणाचं. इथलं ऊन बघून कुणाही मराठी बाईला पहिल्यांदा कुरडयाच आठवतात. सकाळी घातलेली कुरडई संध्याकाळी कडक वाळेल असं हे ऊन! पण अंगणात काहीही वाळत घालू नका. मी खिडकीच्या आत, काचेतून ऊन येतं तिथे, टेबलावर ताटात घालते. लागतात दोन दिवस, लागू देत. तुळस आणि मेथी-कोथिंबीर लावायची ती कुंडीत, विकतची माती आणून. पत्र्यावरून टाकीत उतरणारं पावसाचं पाणी खेड्यातले ऑस्ट्रेलियन लोक हौसेने पितात, पण या गावात ते पिण्या-शिजवण्याला वापरू नये असं आरोग्य खातंच सांगतं. आणि सासूबाई येताना नातीसाठी काजळ-सुरमा किंवा कसलं भस्म आणणार असतील, तर प्रेमाने नाही म्हणा. तसल्या काही वस्तूंतही शिसं आढळलंय.

एक गोष्ट मात्र मला या गावाची फार आवडते. खाणीला लाकूड लागलं म्हणून भोवतीची झाडं तोडली गेली, उरलेलं मेंढ्या आणि सशांनी फस्त केलं, आणि वाळू घरांच्या कुंपणांवर चढू लागली. 1936 पासून अल्बर्ट मॉरिस या खाणीतल्याच माणसाच्या पुढाकाराने गावाभोवतीच्या पडीक जमिनीला कुंपण घातलं, चराई बंद केली. काही ठिकाणी झाडं लावली, पण बाकीचं बरंचसं रान आपोआप उगवून आलं. आपल्याकडची चराईबंदी यापेक्षा वेगळी काय आहे? तो हिरवा पट्टा आजही आहे. वावटळी अजूनही येतात, आभाळ विटकरी होतं. तेव्हा कूलर बंद, खिडक्या बंद.

किराणा: रोजचं सगळं गावातल्या सुपरमार्केटात मिळतं. तूरडाळ, गोडा मसाल्याचं सामान, ज्वारीचं पीठ यासाठी ॲडलेड, म्हणजे 500 किलोमीटरहून जास्त. पीठ जुनं निघालं तर भाकरी थापताना चिरते, म्हणून तारीख बघून घ्या आणि फ्रीजरमध्ये ठेवा. ॲडलेडकडे जाताना ऊडला विरा इथे फळमाशीसाठी नाका आहे. गाडीतली फळं-भाज्या तिथे टाकाव्या लागतात, नाहीतर दंड. मुलांना सफरचंदं त्याआधीच खायला घाला. सूर्य मावळायच्या आत मुक्कामी पोचायचं. संधिप्रकाशात कांगारू रस्त्यावर येतात, आणि ते कुठल्या बाजूला उडी मारतील याचा नेम नाही. गाडीत पाण्याचा कॅन हवाच, मधल्या बऱ्याच टप्प्यांत फोनला रेंज नसते.

गावात इस्पितळ आहे, पण मोठ्या डॉक्टरसाठी बहुतेकदा ॲडलेड. तातडीचं असेल तर रॉयल फ्लाइंग डॉक्टरचं विमान. सासू-सासऱ्यांना मेडिकेअर (इथली सरकारी आरोग्य योजना) मिळणार नाही, भारताशी तसा करार नाही. त्यांचा विमा नीट काढा, ॲम्ब्युलन्स त्यात आहे का ते वाचून. शाळेची चिंता नाही. ‘स्कूल ऑफ द एअर’ ही घरबसल्या दुरून शिकवणारी शाळा लांबच्या मेंढवाड्यांवरच्या मुलांसाठी आहे, तुमचा मुलगा नेहमीच्या शाळेत जाईल.

गाव न्यू साउथ वेल्स राज्यातलं, म्हणजे सिडनीच्या राज्यातलं, पण घड्याळ शेजारच्या राज्यातल्या ॲडलेडचं. फोन कधी कधी सिडनीची वेळ दाखवतो, सेटिंग हाताने करा. भारताशी फरक इथल्या थंडीत चार तास, इथल्या उन्हाळ्यात पाच, म्हणजे मुलं शाळेतून आली की आजीची अकराच्या सुमाराची निवांत वेळ असते.

मराठी घरं मोजकी आहेत. भाडेकरारावर सही करण्याआधी घर कुठल्या रस्त्यावर आहे ते इथे कळवा, खाणीपासून किती लांब आहे ते सांगते.